औषधाची खोली

१९८० सालच्या माघ अमावास्येला, शनिवारी दुपारी अडीच ते पाच, सूर्याला ग्रहण लागणार होतं, आणि बोरीत सगळ्यात जास्त काम पडलं ते कावेरीला: काहीच न करण्याचं.

पाचवा महिना. सासूबाई धुरपताबाईंनी नियम सांगून ठेवले होते. चिरायचं नाही, शिवायचं नाही, खाजवायचं नाही, कूस बदलायची नाही. आई करील ते पोटातल्याच्या अंगावर उमटतं. पुरावा घरातच राबत होता. सटवाजी गड्याचा डावा कान अर्धा, कारण त्याच्या आईनं ग्रहणात पापड मोडला. सटवाजीला हे मान्य होतं. तो पापड खाल्ला कुणी, एवढंच त्याला कळायचं राहिलं होतं.

घरात बिनखिडकीची खोली एकच, सरकीची. सासरे लिंबाजी यांनी पोती सरकवून बाज टाकली. कावेरी आडवी झाल्यावर धुरपताबाईंनी बाहेरून कडी घातली आणि दाराच्या फटी शेणानं लिंपल्या.

पहिला अर्धा तास कावेरी नाकाच्या शेंड्यावरच्या खाजेशी झुंजली. मग त्याच नाकाला वास आला. उग्र, लसणासारखा. पोती सरकवताना फवारणीचा डबा आडवा झाला असावा. अंधारात काहीतरी टपटपत होतं. डोकं गरगरायला लागलं. तोंडाला सुटलेलं पाणी थांबेना.

"आत्याबाई, औषध सांडलंय वाटतं."

"औषधच हाय ना," दाराबाहेरून धुरपताबाई म्हणाल्या. "इख तर न्हाई. पडून ऱ्हा."

बरोबरच होतं. खोकल्याचं औषध, ढोराचं औषध, तसं बोंडअळीचं औषध. अळीला कुणी विचारलं नव्हतं.

उठावं तर बाळावर ग्रहण, पडून राहावं तर बाळावर हे. चार दिवसांपूर्वी आत पहिल्यांदा मासोळीसारखं काहीतरी हललं होतं. आता तिथं सामसूम होती.

"मामा," कावेरीनं हाक मारली.

बाहेर सगळं थांबलं. लग्नाला दीड वर्ष झालं, पण सासऱ्याशी ती थेट बोलली नव्हती. लिंबाजी बसल्या जागी उभे राहिले.

"मामा, आखाडात आपल्या कापसाला काय झालतं?"

"बांधापलीकडच्या किशनरावानं उसात तणाचं औषध मारलं," लिंबाजी दाराला म्हणाले. "वाऱ्यानं इकडं आलं. पानं कोंबडीच्या पायावानी झाली."

"बी खराब होतं का?"

"बी एक नंबर व्हतं. तेच बी वरच्या पट्टीत पेरलं, ते झ्याक आलं. कोवळेपणी वारा लागला तर बी काय करील, पोरी? त्याला..."

"माझं बी पाचच महिन्याचं हाय, मामा."

लिंबाजींनी कडीला हात घातला. धुरपताबाई आडव्या आल्या. "अवं, बाहीर गिऱ्हाण हाय."

"आत औषध हाय."

"औषधानं काय हुतंय?"

"अळीला इचार," लिंबाजी म्हणाले.

धुरपताबाईंनी दाराकडं पाहिलं, सूर्याकडं पाहायची चोरी होती म्हणून जमिनीकडं पाहिलं. वास आता लिंपलेल्या फटीतूनही येत होता. मग त्यांना वाट सापडली. "तिनं हलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "बाजंनं हलू नये आसं कुटं हाय?"

चार गोधड्या पांघरलेली कावेरी बाजेसकट निघाली. पुढं लिंबाजी, मागं अर्ध्या कानाचा सटवाजी, बाजूला धुरपताबाई ग्रहणाला हातानं हाकलत. गोधडीच्या फाटक्या जागेतून कावेरीला लिंबाखालची जमीन दिसली. तिच्यावर उजेडाच्या शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या, कुणीतरी कापून टाकल्यासारख्या. पलीकडच्या ओसरीवर बाज टेकली आणि तिला भडाभडा उलटी झाली. उलटी हलण्यात धरायची का, हे धुरपताबाईंना ठरवता आलं नाही.

पोटात हललं ते दिवेलागणीला.

आषाढात माहेरी, वालूरला, मुलगी झाली. धुरपताबाई एसटीनं आल्या, टेकायच्या आधी बोटं मोजली, कान तपासले, टाळू पाहिली.

"समदं जिथल्या तिथं हाय," त्या म्हणाल्या.

कावेरीनं काही मोजलं नाही. मोजली असती तर वारा लागलेल्या त्या कापसाची पानंही पुरती भरलीच असती.

धुरपताबाईंनी पिशवीतून डबी काढली. "बाळासाठी औष..." त्या अडखळल्या. "गुटी हाय. निस्ती गुटी." डबी आधी त्यांनी स्वतः हुंगली, मग कावेरीपुढं धरली.

कावेरीनं बराच वेळ हुंगली.