इग्नातिस तिघे असतात
मंगळवारपर्यंत गावात इग्नातिस वुर्नाझोस नावाची तीन माणसं होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. प्रत्येक मुलाने आपल्या थोरल्याला आजोबांचं नाव ठेवायचं, हा त्या ग्रीक बेटावरचा रिवाज. आजोबांना मुलगे तीन, म्हणून इग्नातिसही तीन. मंगळवारी तिघंही तेलघाण्याच्या ओट्यावर कॉफी पीत एकमेकांची उणीदुणी काढत होते.

बुधवारी सकाळी मिरसिनीने त्यातले दोन उडवले.

मार्चात वडील गेल्यापासून घाण्याची सभासद-नोंद तीच बघत होती. वडिलांनी, म्हणजे प्रोकोपिसनी, साठीत संगणक शिकून, घरोघर हिंडून गावातली माणसं आणि त्यांची ऑलिव्हची झाडं त्यात भरली होती. त्यांच्या हातचं एवढंच तिच्यापाशी उरलं होतं. वीस वर्षं अथेन्सात काढलेल्या लेकीला वाटलं, नाव, आडनाव, गाव एकच म्हणजे नोंद दुबार. एका आज्ञेसरशी एकशे चाळीस माणसं गेली. माणूस गेला की त्याची झाडंही जावीत, अशीच तक्त्यांची बांधणी होती. नऊ हजार झाडं गेली.

दुसऱ्या दिवशी गाळप सुरू होणार होतं. पाळ्या लावायला आलेले मुकादम स्त्रातिसकाका पडद्याकडे बघतच राहिले.

"पोरी, माझा मेव्हणा कुठाय?"

"दुबार होता, काका."

"दुबार? अगं, एकानेच नाकी नऊ आणलेत!"

धाकटा इग्नातिस दारातून ओरडला, "मी मेलोय ना? मग बायकोला तूच कळव. पेढे वाटेल!"

मिरसिनीला हसू आलं नाही. नोंदीची रविवारी काढलेली पूर्ण प्रत होती, पण सोमवार-मंगळवारी भरलेली पन्नास बागांची मोजणी तिच्यात नव्हती. शोधता शोधता तिला एक कप्पा सापडला. नोंदीतला प्रत्येक बदल दर पाव तासाला तिथे जपला जात होता. वडिलांनी लावून दिलेलं ते काम अजून बिनबोभाट चालू होतं. यावरूनच तिने त्यांना फोनवर सुनावलं होतं, "बाबा, गावचा घाणा आहे हा, विमानतळ नाही. कशाला जागा अडवता?" त्यांनी फोन आईकडे दिला होता. चूक कबूल करायची त्या घरात पद्धतच नव्हती, ना त्यांची ना तिची.

तिने रविवारची प्रत वेगळी उभी केली, तिच्यावर एकेक बदल क्रमाने चढवला आणि चुकीच्या एक मिनिट अलीकडे थांबली. तिथून हरवलेल्या नोंदी मूळ तक्त्यांत आणल्या. आधी माणसं, मग झाडं. कारण बिनमालकाचं झाड तक्ता आत घेत नव्हता.

"मोजा, काका."

काकांनी दोनदा मोजलं. "तिन्ही इग्नातिस आले. मेव्हणाही आला, त्याला इलाज नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "प्रोकोपिस असता ना, तर ईस्टरपर्यंत चिडवलं असतं तुला."

"हो," ती म्हणाली. पडद्यावर पाव तास भरला आणि नवी नोंद आपोआप जपली गेली. काका अजून तिथेच उभे होते, तरी ती मोठ्याने बोलली.

"बाबा, तुमचं बरोबर होतं. माझंच चुकलं."