सेझिमने घेतलेले ‘सुरोत’

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. आमच्या डोंगरातल्या नारिन गावात असे म्हटले की लोक आधी वय ओळखायला दात बघायला येतील, म्हणून लगेच सांगते: मी लाकडाची आहे. चित्राचा फलक टेकवण्यासाठी मी शाळेच्या चित्रवर्गात तीन पायांवर उभी असते.

शाळेचे सुतार तोकतोसून यांनी मला घडवले. तेव्हा आम्ही घोड्या वर्गभर होतो. मी खिडकीजवळ असे, म्हणून मुले माझ्यासाठी भांडत. पुढे दहावीत विषय निवडताना सगळे रसायन आणि गणिताकडे वळू लागले. माझ्या बहिणी एकेक करून कोळशाच्या कोठारात गेल्या. मला नकाशांच्या मागे उभे केले. नकाशा घ्यायला येणारा मला बाजूला सारी. कोणाचा तरी हात लागला, एवढेच सुख.

मग एका वर्षी सेझिम नावाच्या मुलीने चित्रकला घेतली. एकटीने. मैत्रिणी म्हणाल्या, “मजा आहे बाई तुझी! वर्गात पहिली तूच आणि शेवटचीही तूच!”

तिने मला ओढत उजेडात आणले. मुख्याध्यापकांनी चित्रकलेच्या बुरुल बाईंना बजावले होते, ही मुलगी गेली की वर्ग बंद. त्यामुळे सेझिम नुसती खोकली तरी मला धास्ती वाटे.

पहिला बर्फ पडला आणि तिचे वडील जेनिश आले. ते राजधानी बिश्केकच्या रस्त्यावर टॅक्सी चालवत.

“बाई, कॅमेरे कुठे ठेवता?” त्यांनी दारातूनच विचारले.

“कसले कॅमेरे?”

“पोरगी म्हणाली, सुरोत घेतलंय.”

आमच्या भाषेत चित्रालाही सुरोत म्हणतात आणि फोटोलाही. ते फोटोच धरून चालले होते.

“लग्नाचे फोटोवाले बक्कळ कमावतात, म्हणून हो म्हटलं! शेजारच्या कुबातला शब्द देऊन बसलोय, त्याच्या लग्नाचे फोटो माझी पोरगी काढेल म्हणून. सेझिम, फसवलंस मला?”

“मी सुरोतच म्हटलं होतं, बाबा.”

“उद्यापासून रसायनाला बसायचं.”

सेझिमने माझ्यावर कागद लावला. “जाण्याआधी एक सुरोत, बाबा. हलू नका.”

त्यांनी सवयीने टोपी सरळ केली, पोट आत घेतले, श्वास रोखला.

“श्वास घ्या. याला वेळ लागतो.”

हळूहळू त्यांचे खांदे उतरले. घाटातल्या रस्त्याचा शीण चेहऱ्यावर आला. तिने तो कागदावर रेखाटला.

जेनिश कागदाजवळ येऊन वाकले.

“घरी मी असा दिसतो?”

“रोज.”

“कुबातला सांगतो, दुसरा कोणी बघ बाबा. तू शीक. रसायन काय, पळून जात नाही.”

वर्ग वाचला. तरीही त्यात ती एकटीच होती. दुपारी खडू घासल्याचा आवाज थांबला की आम्ही तिघी, बाई, ती आणि मी, खिडकीबाहेर बघत असू.

अकरावी, म्हणजे शाळेचे शेवटचे वर्ष, संपवून सेझिम गेली. यंदा विषय निवडायच्या दिवशी बुरुल बाई दार सताड उघडे ठेवून बसल्या. मैदानातला गलबला ऐकू येत होता. कोणीच आले नाही. संध्याकाळी त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि दाराला कुलूप घातले.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवा रंगही नको. तुमच्यातले कोणी एकटेच हा विषय घेत असेल, तर त्याला हसू नका. जमले तर त्याच्यासमोर थोडा वेळ न हलता उभे राहा.