काचेवरचे निळे ठिपके

मी स्कॅनर. जुना आहे, आंधळा नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळे मलाच बोल लावणार आहेत.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, मोठमोठी पुस्तकं वाचायला मिळतील. वाट्याला आली बोटभर पिवळी कार्डं. फवारणीआधी ती पानांना अडकवतात. औषधाचा थेंब पडला की तिथे निळा ठिपका उमटतो. मी कार्डाचं चित्र काढतो आणि शेजारचा कॉम्प्युटर त्यात निळं किती ते मोजतो. औषध पानांवर किती पोचलं, ते असं कळतं.

पहिली काही वर्षं तपासनीस बाई रोज मला मऊ फडक्यानं पुसत. पाहुण्यांना सांगत, याची नजर फार बारीक. पुढे माझ्या झाकणावर फायली आल्या, फायलींवर डबा आला आणि फडकं गेलं ते गेलंच.

मग एकदा बाईंचं निळ्या शाईचं पेन अडलं. त्यांनी ते झटकलं. कुठे? माझ्या उघड्या काचेवर, ऐन कार्ड ठेवायच्या चौकोनात.

पहिलं कार्ड: एकतीस टक्के.
दुसरं: बत्तीस.
तिसरं: तीस. पुढची सांगत नाही, माझंच डोकं फिरतं.

बाई खूश. बाग फवारणारे दादा समोरच उभे होते. शाबासकी घेऊन घरी जायचं, तर ते सांगत बसले की पानाखालची कीड जिवंत आहे, आणखी चार दिवसांत बाग हातची जाईल. बाईंनी पुन्हा आकडा दाखवला.

"तुमचा आकडा किडीनं वाचलेला दिसत नाही, मॅडम," दादा म्हणाले. त्यांनी पाकिटातलं कोरं कार्ड काढून काचेवर ठेवलं. "याला फवाऱ्याचा वारासुद्धा लागलेला नाही."

अठ्ठावीस टक्के.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पेन झटकलं होतं. मग वाकून काच पाहिली आणि पुसली. दादांची कार्डं परत काचेवर ठेवली.

तीन. चार. दोन.

दादांनी पडद्यावरचे आकडे वाचले. फवाऱ्याचं नोझल झिजलंय हे आपल्याला दिसत होतं, आज बदलू उद्या बदलू करत राहिलो, असं पुटपुटले. मग टोपी चढवली. "अख्ख्या बागेला परत औषध मारावं लागेल."

"कार्डं लावायला मी येते," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, यंत्राला खोटं ठरवण्याआधी त्याची काच पुसत चला, एवढंच मागणं आहे. आता फडकं माझ्या शेजारी असतं.

डबा अजून झाकणावरच आहे.