साक्षीदाराची सही

चौकशी क्लबच्याच बैठकीच्या खोलीत होती. टेबलापलीकडे सेक्रेटरी आणि त्यांच्या शेजारी कार्यकारिणीवरच्या बाई. अलीकडे क्लबचे मुख्य प्रशिक्षक, म्हणजे सर, पायावर पाय टाकून, जणू चहालाच आलेत. दाराजवळच्या खुर्चीत चिंगी.

चिंगी ही क्लबची ज्युदोपटू, वय एकोणीस. मॅटवर स्वतःपेक्षा दांडग्या मुलींना उचलून आपटणारी ही पोरगी आज दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तिची तक्रार अशी की वजन करताना सर दार लावून घेतात आणि अंगाला नको तिथे हात लावतात. निवडीच्या दिवशी तिने वजनाच्या खोलीत जायला नकार दिला, तर सरांनी तिला संघातूनच काढून टाकलं. आज तक्रार खोटी ठरली, तर क्लबचं दारही तिला कायमचं बंद होणार होतं.

ताईला बोलावलं होतं ते याच वजनाबद्दल सांगायला. ताई म्हणजे सरांच्या हाताखालची प्रशिक्षक.

नियम तसा चांगला होता. कागदावरचे नियम चांगलेच असतात म्हणा. मुलींचं वजन होताना खोलीत एक बाईमाणूस हजर हवं आणि वजनाच्या वहीत तिची साक्षीदार म्हणून सही हवी. क्लबची रीत मात्र निराळी. काटा आत, सर आत, मुलगी आत आणि ताई बाहेरच्या बाकावर. आटोपलं की दारातून वही बाहेर यायची आणि ताई निमूटपणे सही ठोकायची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती आत जायला निघाली, तेव्हा सर हसून म्हणाले होते, "का गं, माझ्यावर भरवसा नाही?" झालं! पुढची नऊ वर्षं ती त्या बाकावर बसून पोरींच्या पट्ट्यांच्या गाठी सोडवत राहिली.

बाहेर येणाऱ्या पोरी गप्प असायच्या, हे तिला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. खेळाडू असताना तीही त्याच दारातून तशीच गप्प बाहेर आली होती. तेव्हा ताईच्या आताच्या नोकरीवर या बाई होत्या. आता त्या टेबलापलीकडे बसल्या होत्या.

"हे बघा," सेक्रेटरी वहीवर बोट ठेवत म्हणाले, "सर म्हणतात, दर वेळी तुम्ही आत होतात. सही तुमचीच आहे. एवढं 'हो' म्हणा, की विषय मिटला."

सकाळी आईने बजावून पाठवलं होतं, "त्या पोरीचं होईल काहीतरी. सह्या तुझ्या आहेत, अडकशील तूच." आईचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच ताईला तिचा राग आला होता.

तिने चिंगीकडे पाहिलं. चिंगी जमिनीकडे बघत होती.

"मी बाहेर होते," ताई म्हणाली.

"चिंगीच्या वजनाच्या वेळी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तेव्हाही, आणि दर वेळी. नऊ वर्षांत एकदाही आत गेले नाही. सगळ्या सह्या बाहेर बसून केल्यात."

सर खुदकन हसले. "वा! म्हणजे नऊ वर्षं खोट्या सह्या. आणि हिच्या शब्दावर तुम्ही माझी चौकशी करणार?"

"मुद्दा बरोबर आहे," सेक्रेटरी ताईला म्हणाले. "तुम्ही स्वतःच खोटेपणा कबूल करताय. मग आताचं तरी खरं कशावरून?"

चिंगीने मान आणखी खाली घातली. ताईला वाटलं, आत्ता उठावं आणि सरळ घर गाठावं.

पण ती हात हलवत आली नव्हती. तिने पिशवीतून वजनाची एक जुनी वही काढली. सकाळी क्लबच्या कपाटातून शोधून काढलेली ती वही तिने खूण घातलेल्या पानावर उघडली आणि बाईंपुढे सरकवली. पानावर ताईचं नाव होतं, वजन बावन्न किलो, आणि शेवटच्या रकान्यात बाईंची गोलगोल अक्षरांतली सही.

"बाई, या दिवशी आत मी होते," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "तुम्ही कुठे होतात?"

बाईंनी चष्मा लावला.

"काहीतरी जुनंपुराणं उकरून काढायचं!" सर म्हणाले. त्यांचा वर टाकलेला पाय खाली आला होता. "बाई, तुम्ही लक्ष देऊ नका."

बाईंनी लक्ष दिलं नाही, पण सरांकडे. त्या बराच वेळ स्वतःच्या सहीकडे बघत राहिल्या.

"बाकावर होते गं," त्या म्हणाल्या. "तू बाहेर आलीस. माझ्यासमोर उभी राहिलीस. मी मान वर केली नाही."

चिंगीने मांड्यांखालचे हात बाहेर काढले.

सेक्रेटरींच्या पेनाचं टोपण अजून बंदच होतं. बाईंनी आपलं पेन उघडलं आणि त्यांच्या कागदावर ठेवलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आधी माझं लिहा."