वरची खोपी: पाऊस की बर्फ

आमच्या खोऱ्यातल्या माणसाचा पाय मोडला तरी तो म्हणणार, ‘जरा मुरगळलाय.’ घर जळालं तर ‘थोडा धूर झाला.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, हे यांच्या रक्तातच आहे. मी समुद्रकाठच्या गावातून लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटलं, काय शांत माणसं आहेत. शांत कसली, अडेलतट्टू आहेत मेली सगळी.

आणि अशा माणसांकडून हवामानाची खबर काढायचं काम माझ्या गळ्यात. रोज सकाळी वायरलेसवर खोऱ्यातल्या सगळ्या फार्मांची हजेरी घ्यायची, कुणाकडे वारा कुठून, थंडी किती, ते विचारायचं आणि क्राइस्टचर्चच्या हवामान कचेरीत डेस्मंडला फोन करून सांगायचं. वायरलेसवर एकजण बोलतो आणि सगळं खोरं चहा पीत ऐकतं. मग कुणी खरं बोलेल तर शपथ.

त्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, माझा नवरा सेल्विन आणि आमचा मेंढपाळ रेवेटी वरच्या खोपीत मुक्कामाला होते. कळप खाली आणताना डोंगरावर राहून गेलेले मेंढे हुडकायला गेले होते. मी नको म्हटलं होतं. पण मेरिनो मेंढा डोंगरावर राहिला की या लोकांना घास गोड लागत नाही.

त्या सकाळी हजेरीच्या आधीच डेस्मंडचा फोन आला. एरवी मीच करते.

“नायरी, आज जरा नीट विचारा सगळ्यांना,” तो म्हणाला. “वायव्येकडून ओला, उबदार वारा येतोय. आणि दक्षिणेकडून थंडी जमिनीलगत सरपटत निघालीय. ती तुमच्या खोऱ्यात शिरली, तर वरून पडेल तो सगळा बर्फ. नाही शिरली, तर पाऊस. जे पडेल ते भरपूर पडेल, एवढं नक्की.”

“पण काय पडेल?”

“ते तुम्हीच मला सांगायचं. माझ्या नकाशात तुमचं खोरं नखाएवढं आहे. तळाशी किती गार आहे, ते तिथल्या माणसानंच सांगावं लागतं.”

मी फोन ठेवला. आमच्यासाठी पाऊस की बर्फ हा प्रश्न गप्पांचा नव्हता. खोपीच्या डोक्यावर उघडाबोडका कडा आहे. जास्त बर्फ साचला की तो लोट होऊन खाली येतो, आणि खाली खोपी आहे. म्हणजे बर्फ येणार असेल तर दोघांनी आत्ताच्या आत्ता निघायला हवं. पण निघायची वाट एकच, घळीतून खाली आणि मग नदीच्या उतारावरून, म्हणजे पाणी उथळ असतं तिथून, अलीकडे. पाऊस आला तर ती नदी बघता बघता फुगते, मग तिच्यात घोडाही टिकत नाही. म्हणजे पाऊस येणार असेल तर खोपीतून पाऊलही बाहेर टाकायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

माझा सासरा अ‍ॅलेक चुलीपाशी बसून बूट चढवत होता. त्याला मी सगळं सांगितलं.

“तिथंच थांबू देत,” तो म्हणाला.

“आणि बर्फ आला तर?”

“नदी, पोरी.” एवढंच बोलला.

सेल्विनचा थोरला भाऊ ग्रॅहम त्याच उतारावर वाहून गेला, मी या घरात यायच्या आधी. पावसानं फुगलेलं पाणी होतं. तेव्हापासून अ‍ॅलेक नदीकडे फिरकलेला नव्हता. पलीकडचं कुंपण पडलं तरी तो सेल्विनला पाठवायचा आणि स्वतः इकडे तोंड फिरवून उभा राहायचा. त्याला काय बोलणार.

मी हजेरी सुरू केली. खोऱ्याच्या तोंडाशी मर्डोचं फार्म आहे. दक्षिणेचा वारा आधी त्याच्याकडे येतो, मग आमच्याकडे. म्हणून पहिलं त्यालाच विचारलं.

“बरंय,” मर्डो म्हणाला. “थोडं ओलं.”

“ओलं म्हणजे?”

“ओलं म्हणजे ओलं. समुद्रकाठच्या माणसाला ओलं शिकवू का आता?”

बाकीच्या फार्मांवरही सगळं बरं होतं. शेवटी खोपी.

“बरंय,” सेल्विन म्हणाला. “जरा गार.”

मागून रेवेटी ओरडला, “वहिनी, याचे पाय तेवढे गार आहेत. रात्रभर माझ्या पोटाला लावून झोपतो.”

खोऱ्यात सगळीकडे हसले असणार. मीही हसले. डेस्मंडला कळवलं, तो म्हणाला, “मर्डोकडे ओलं असेल तर थंडी अजून आत आलेली नाही. मी पाऊस धरतो. त्यांना तिथंच राहू द्या.” अ‍ॅलेकनं मोठा श्वास सोडला आणि कुत्र्यांना खायला घालायला गेला.

मी भांडी घासायला घेतली खरी, पण लक्ष लागेना. खिडकीतून आमच्याच धुराड्याचा धूर दिसत होता. सकाळी तो समुद्राकडे जात होता. आता डोंगराकडे, खोऱ्याच्या आत वळला होता. वारा फिरून दक्षिणेचा झाला होता. मी हात पुसले आणि मर्डोच्या बायकोला, एफीला, फोन लावला.

“मर्डो कुठंय?”

“फाटकापाशी, फावडं घेऊन,” एफी म्हणाली. “बर्फानं फाटकच उघडेना. गाई पलीकडे अडकल्यात.”

“बर्फ? तो मघाशी ओलं म्हणाला.”

“अगं, तो तसंच म्हणणार. सगळे ऐकत असतात ना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एफीला काय बोलले ते आता आठवत नाही, पण बरं बोलले नसणार. नंतर मी तिची माफी मागितली. तिचा काय दोष, तिनं तर विचारल्याबरोबर खरं सांगितलं.

डेस्मंडला परत फोन केला. एफीचं सगळं सांगितलं.

“मग थंडी शिरलीय,” तो म्हणाला. “खाली बर्फ पडणार. पण खोपी उंचावर आहे. कधीकधी थंडी तळाशीच साचून राहते आणि वर उबदार हवा असते. वर पाऊस पडला, तर तो सगळा घळीतून नदीत येईल. खोपीत खरंच किती गार आहे ते कळल्याशिवाय मी त्यांना निघा म्हणणार नाही. ‘जरा गार’ हे माझ्या काही कामाचं नाही, नायरी.”

“माझ्याही नाही,” मी म्हटलं. “फोन ठेवू नका.”

फोन तसाच ओट्यावर ठेवून मी वायरलेस हातात घेतला. हजेरीची वेळ नव्हती, पण खोपीतला वायरलेस चालू होता. आमच्याकडे तो कुणी बंद करत नाही. तेवढ्यात अ‍ॅलेक दारातून आत आला आणि तिथंच उभा राहिला.

“सेल्विन, काय परिस्थिती आहे?”

“सांगितलं ना. बरंय.”

“बादलीतलं पाणी कसं आहे?”

“वर जरा साय आलीय.”

“साय बोटानं मोडते. तू कशानं मोडलीस?”

“कुऱ्हाडीनं.”

“घराच्या आतली बादली?”

“आतली.”

“बाहेर काय पडतंय?”

“बारीक. कोरडं. पिठासारखं.”

“कधीपासून?”

“नायरी, सगळे ऐकतायत.”

“ऐकू देत. मर्डोपण ऐकू दे, त्याच्या फाटकाला बर्फ लागलाय आणि मला ओलं सांगतो. कधीपासून?”

“काल संध्याकाळपासून.”

मला रडू यायला लागलं होतं, पण आवाज मी तसाच ठेवला. “सेल्विन, तू घाबरलायस का?”

असला प्रश्न आमच्या खोऱ्यात वायरलेसवर कुणी कधी विचारलेला नव्हता. नवऱ्याला तर नाहीच. नुसती खरखर ऐकू येत होती. मला वाटलं, तो आता बंद करणार, आणि परत घरी आल्यावर माझ्याशी बोलणार नाही.

“हो,” तो म्हणाला. “घाबरलोय. रात्रभर वरून दणके ऐकू येतायत. आम्ही दोघं बूट घालून झोपलो. झोपलो म्हणजे काय, बसून होतो.”

“वहिनी, मी जास्त घाबरलोय,” रेवेटीचा आवाज आला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

मी फोन उचलला. डेस्मंडनं सगळं ऐकलं होतं. “बर्फ,” तो लगेच म्हणाला. “वरपासून खालपर्यंत थंडी आहे. पण दुपारी मध्येच उबदार वारा घुसून तासभर पाऊस झाला, तर? होईल असं वाटत नाही. होणारच नाही, असं मात्र मी सांगू शकत नाही.”

“तुमची माणसं असती तर?”

“निघा म्हणालो असतो. आणि मग रात्र होईतो जेवलो नसतो.”

अ‍ॅलेक माझ्याकडे बघत होता. “नको,” तो म्हणाला. “नको सांगूस, पोरी. मी पाया पडतो तुझ्या.” या माणसानं मला आजवर मीठ दे म्हणतानासुद्धा विनवलं नव्हतं. त्याच्याकडे बघितलं असतं तर माझा धीर सुटला असता, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं आणि वायरलेसवर म्हटलं, “सेल्विन, निघा. मेंढे सोडून द्या. आत्ता.”

“निघतो,” तो म्हणाला. मागे दार धाडकन आपटलं. वळून बघितलं तर अ‍ॅलेक नव्हता. मला वाटलं, रागानं गेला. मग ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

दुपारी बर्फ आमच्याकडे पोचला. आधी बारीक, मग कापसाच्या बोंडाएवढा, मग अंगणातलं कुंपण दिसेना. मी खिडकीला कपाळ लावून एकच बघत होते, काचेवर पडतंय ते चिकटतंय की ओघळतंय. एक थेंब ओघळला की वाटायचं, पाऊस आला. निघा म्हणाले ती मी. काही झालं असतं तर या घरात मी कुठल्या तोंडानं राहिले असते?

वायरलेसवर कुणी बोलत नव्हतं, पण सगळे होते. मधेच मर्डोचा आवाज आला. “नायरी, काही कळलं?”

“नाही.”

“अख्खी सकाळ बर्फ होता माझ्याकडे. कंबरेएवढा,” तो म्हणाला. “सांगायला हवं होतं.”

“हवं होतं,” मी म्हटलं. मला त्याला माफ करायला सवड नव्हती.

घरात बसवेना, तेव्हा मी कंदील घेऊन निघाले. उजेड होता अजून, पण कसला उजेड, सगळं पांढरं. ट्रॅक्टरच्या चाकोरीतून गुडघाभर बर्फ तुडवत नदीवर गेले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी विचारायला नको. त्या खोपीला काहीही झालं नाही. लोट आला तो बाजूनं गेला. वसंतात सेल्विन वर गेला तेव्हा डब्यात पाव तसाच होता, दगडासारखा. मर्डो अजून मला चिडवतो, नायरीनं उगाच नवऱ्याला घोड्यावर बसवलं म्हणून. चिडवू दे. मेंढे मात्र सगळे गेले.

नदीवर पोचले तर ट्रॅक्टर काठाशी उभा, दिवे पाण्यावर. नदी फुगलेली नव्हती. उलट आटलेली, काठाला बर्फ धरलेली, काळी. पण उताराच्या दोन्ही बाजूंना खुणेचे दगड असतात ते सगळे बर्फाखाली गेले होते. पलीकडून येणाऱ्याला उतार कुठं आणि डोह कुठं, कळायला काही मार्गच नव्हता. आणि नदीच्या मध्यावर, मांड्यांपर्यंत पाण्यात, अ‍ॅलेक उभा होता. बरोबर उतारावर. खुणेच्या दगडाच्या जागी तो स्वतः उभा राहिला होता, हातात कंदील धरून, केव्हापासून कोण जाणे.

“अ‍ॅलेक, बाहेर या,” मी ओरडले. त्यानं वळूनही बघितलं नाही.

मग कुत्रं भुंकलं, पलीकडून. पांढऱ्यातून एक घोडा दिसला, त्याच्यामागे दुसरा. सेल्विननं कंदील बघितला आणि घोडा सरळ त्याच्यावर घातला. रेवेटी पाठोपाठ निघाला, कुत्रं खोगिरावर आडवं टाकून. ते मध्यावर आले तेव्हा अ‍ॅलेकनं सेल्विनच्या घोड्याचा लगाम धरला आणि धरूनच ठेवला. रेवेटी पुढे काठावर आला, पण ते दोघं तिथंच.

मी पाण्यात शिरले. असलं गार पाणी, पाय माझे आहेत की नाहीत कळेना. “अ‍ॅलेक, सोडा आता,” मी म्हटलं. “आलाय तो.”

त्याचे ओठ निळे पडले होते. “ग्रॅहमलाही मीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “वायरलेसवर. पहाटे, सगळं खोरं झोपलेलं असताना. निघ म्हणालो होतो. मला वाटलं, बर्फ येईल.”

सेल्विनला हे ठाऊक नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. इतकी वर्षं एका टेबलाशी जेवले दोघं, आणि हा म्हातारा एवढं पोटात घेऊन बसला होता.

सेल्विन घोड्यावरून पाण्यात उतरला. त्यानं बापाची बोटं एकेक करून लगामावरून सोडवली, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला काठाकडे आणायला लागला. मी घोडा धरला आणि त्यांच्या मागून चालले.