मिसेस म्हटल्याशिवाय

झेल्माने आम्हाला गाडीतच बजावलं. "तो मला मिसेस टॉलिव्हर म्हणेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही."

आमच्या चर्चच्या गाणाऱ्या बायका पहिल्यांदाच टीव्हीवर दिसणार होत्या. सन चौसष्टचा उन्हाळा. काळ्या-गोऱ्यांना सारखे हक्क देणारा नवा कायदा झाला होता, वॉशिंग्टनचे लोक टीव्हीवाल्यांकडे डोळे वटारून बघायला लागले होते, तेव्हा अलाबामातल्या आमच्या गावच्या टीव्ही स्टेशनाला एकाएकी काळ्यांचा पुळका आला. रविवार सकाळच्या भजनांच्या कार्यक्रमात शेवटची काही मिनिटं त्यांनी आम्हाला दिली. कार्यक्रम थेट जायचा, म्हणजे बोललेलं मागे घेता येत नाही.

"अगं, आधी गाऊ तर दे," मी म्हटलं. मी पियानो वाजवते. "मिसेसचं नंतर बघू."

"नंतर कधी गं, कोरीन? मेल्यावर? थडग्यावरसुद्धा नुसतं झेल्मा लिहितील हे लोक."

तिला बोलायला काय जातंय? तिचं केस करायचं दुकान, येणाऱ्या सगळ्या आपल्याच बायका, तिला कोण कामावरून काढणार? मी एका गोऱ्या वकिलाच्या घरी स्वयंपाकाला. आणि वकिलीणबाई दर रविवारी टीव्हीसमोर ठाण मांडून बसतात. पण झेल्माचं खोटं नव्हतं. आमच्या गावात गोऱ्यांची शेंबडी पोरगीसुद्धा मिस. आम्ही नुसती नावं, आणि केस पिकले की साऱ्या गावाच्या आँटी. हा शब्द मायेचा आहे असं ज्याला वाटतं, त्याने आपल्या आईला कुणी मिसेसच्या जागी तो लावलेला ऐकावा.

कार्यक्रम चालवायचा डॉयल मॅबरी. आमच्या आधी चार गोरे बाप्ये गाऊन गेले, चौघेही मिस्टर. मग तो दात काढत आमच्याकडे वळला. "आणि आता झेल्मा आणि तिच्या पोरी!"

आम्ही नऊजणी गप्प. त्यातल्या निम्म्या आज्या झालेल्या.

"पोरी कॅमेऱ्याला बुजल्या वाटतं," तो म्हणाला आणि एकटाच हसला.

"माझं नाव मिसेस टॉलिव्हर," झेल्मा म्हणाली.

काचेमागे स्टेशनातलं कुणीतरी आटपा म्हणून हात हलवायला लागलं. मॅबरीने मोर्चा माझ्याकडे वळवला. वकिलाच्या टेबलावर माझ्या हातची पीच फळांची पाय पेस्ट्री तीन-तीनदा मागून खाल्लेला माणूस. "कोरीन, तू तरी शहाणी आहेस. वाजव बरं."

माझी बोटं पट्ट्यांवरच होती. असा संताप आला म्हणता! मी पियानोचं झाकण लावलं. "मी मिसेस बॅस्किन," म्हटलं. उद्यापासून काम गेलं हे तेव्हाच कळलं.

मॅबरीची मान लालबुंद झाली. जाहिरात टाकावी तर ती नुकतीच होऊन गेलेली. तो झेल्माजवळ वाकून काहीतरी पुटपुटला.

"टीव्हीवर कुजबुज ऐकू जात नाही, मिस्टर मॅबरी."

"मिसेस टॉलिव्हर," तो मोठ्याने म्हणाला.

मी झाकणाला हात घातला, तर झेल्माने डोळ्यांनी थांबवलं. "आता बाकीच्यांचीही ओळख करून द्या. त्या चौघांची दिलीत ना?"

त्याला बाकी एकीचंही आडनाव ठाऊक नव्हतं. माइक घेऊन तो एकेकीपुढे जाऊन विचारू लागला. कुणालाही घाई नव्हती. व्हर्बीनाने तर स्वतःच्या नावापाठोपाठ गेलेल्या नवऱ्याचंही नाव सांगितलं, ते तो चुकला तेव्हा पुन्हा सांगितलं.

शेवटी म्हातारी आयडेला उभी होती. मॅबरीच्या आईकडे कामाला राहून तिने जन्म काढला, त्याला न्हाऊमाखू घातलं ते तिनेच. तो बारा वर्षांचा झाला त्या दिवशी त्याच्या आईने हुकूम सोडला, आजपासून याला मिस्टर म्हणायचं. तेव्हापासून ती म्हणत आली होती.

"आणि ही आमची आँटी आय..." सवयीने त्याच्या तोंडून निघालं आणि तो अडखळला. सारं गाव बघत होतं.

"आपलं नाव?" त्याने विचारलं.

"मिसेस रॅन्सम, डॉयल," ती म्हणाली. मिस्टर गाळून. "मोठ्याने म्हण."

त्याने म्हटलं, आणि वेळ संपली. गायचं राहूनच गेलं, आणि त्याचं आमच्यापैकी एकीलाही काही वाटलं नाही.