सात ठिपके

माझ्या मनात कुणाविषयी दुजाभाव नाही, असं मी साठ वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. नाशिकच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केली आणि सावळीराम असो की सलाउद्दीन, दोघांच्या हातावर छडी सारख्याच जोरानं मारली. याहून समदर्शी माणूस कसा असतो, असं मला वाटे. म्हणून छत्तीस साली जे झालं ते मी सहसा कुणाला सांगत नाही. आता न सांगण्याचीही लाज वाटू लागली आहे, म्हणून सांगतो.

निवृत्त झाल्यावर मी एक पुस्तक लिहिलं. तेव्हा भाषाशुद्धीचं वारं जोरात होतं. मराठीत शिरलेले फारसी-अरबी शब्द हुडकायचे आणि त्यांना काढून आपले शब्द बसवायचे, हाच मला ध्यास. पुस्तकाचं नाव ठेवलं ‘निर्मळ मराठी’. नवव्या पानावर हद्दपार करायच्या शब्दांची लांबलचक यादी दिली होती. ‘हद्दपार’ आणि ‘यादी’ हे दोन्ही तिकडचेच, हे आता दिसतं.

पुस्तक यादवरावांच्या छापखान्यात दिलं. तपासायची पहिली मुद्रितं घरी आली आणि मी चाट पडलो. चष्मा पुसपुसून पाहिलं, तरी सोळा पानांत एक वेलांटी इकडची तिकडे झालेली नव्हती. उलट माझ्याच हस्तलिखितातला एक चुकलेला उकार जुळवणाऱ्यानं गुपचूप सुधारला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन मी यादवरावांना म्हणालो, की तुमचा जुळारी कुठल्या तरी शास्त्र्याच्या घरातला दिसतो. यादवराव हसले आणि त्यांनी खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. चाळिशीचा, किडकिडीत, बोटांची टोकं शाईनं काळी. तो रहेमान, चांदोरीचा, नऊ वर्षं तिथे शिशाचे अक्षरखिळे जुळवत होता.

मी वा वा म्हटलं. पण घरी येऊन काय केलं? तीच सोळा पानं पुन्हा काढली आणि चुका शोधत बसलो. आदल्या दिवशी शोधल्या नव्हत्या असं नाही. मग आज नव्यानं काय शोधतोय, हे त्या वेळी स्वतःला विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

चूक सापडली नाही. पण प्रस्तावनेच्या पानावर काही शब्दांखाली शिसपेन्सिलीचे बारीक ठिपके होते. काल ते मला शाईचे डाग वाटले होते. आज डोकंच फिरलं. याच्या लोकांचे शब्द मी काढतोय ते याला झोंबलं, म्हणून माझ्या पानाची चेष्टा करतोय, असं मनानं घेतलं. ठिपके कोणत्या शब्दांखाली आहेत ते मी पाहिलंही नाही. रबर घेतलं आणि सगळे खोडून टाकले.

तसाच छापखान्यात गेलो आणि रहेमानला यादवरावांसमोर उभं केलं. तुझी भाषा निराळी, तेव्हा तुला हे पुस्तक खुपणारच, असं तोंडावर सुनावलं. त्यानं आवाज चढवला नाही.

“माझ्या आईनं जात्यावर याच भाषेत दळलंय, मास्तर. तिच्या, जैतुनबीच्या, ओव्या चांदोरीत अजून बाया म्हणत्यात. ते ठिपके कशाखाली हायेत, तेवढं एकदा बघा.”

मला तो उर्मटपणा वाटला. एकतर हा माणूस राहील किंवा माझं पुस्तक, असं मी यादवरावांना सांगितलं. शाळांचं छपाईचं काम माझ्या शब्दावर त्यांच्याकडे येई, त्यामुळे त्यांनी मान खाली घातली. रहेमाननं हातातली अर्धी जुळवलेली ओळ सांडू न देता नीट ठेवली, फडक्याला हात पुसले आणि तो गेला.

पुस्तक निघालं. वाचनालयात छोटा समारंभ झाला आणि मी खणखणीत आवाजात प्रस्तावना वाचली: ‘हे पुस्तक तयार करताना सर्व मजकूर चारदा तपासून बरोबर केला आहे. यात फक्त निर्मळ मराठी शब्दांनाच जागा दिली असून परकी शब्द बिलकुल नाही. आढळल्यास जरूर कळवावे.’ मागच्या बाकावरचे एक वकील उठले. त्यांनी नववं पान उघडलं आणि सावकाश वाचलं. तयार, मजकूर, बरोबर, फक्त, जागा, बिलकुल, जरूर. सातही शब्द तुमच्याच यादीत आहेत, मास्तर, असं म्हणून ते खाली बसले. सगळे हसले, आणि मीही हसल्यासारखं केलं.

घरी येऊन जुनं मुद्रित काढलं आणि खिडकीपाशी तिरपं धरलं. रबरानं शिसं गेलं होतं, पण पेन्सिलीच्या टोकानं कागदाला पडलेले खळगे तसेच होते. बोट फिरवून मोजले, सात भरले. मी लिहून विसरलेली यादी त्यानं अक्षर अक्षर जुळवली होती, म्हणून त्याच्या ध्यानात राहिली होती. लोकांनी मला हसू नये एवढंच त्याला हवं होतं, आणि मी त्याच्या पोटावर पाय दिला. तीस वर्षं मुलांच्या पाट्यांवर मी ‘बरोबर’ लिहीत आलो, तो शब्द बाहेरचा. ‘चूक’ तेवढी आमच्या घरची निघाली.

रहेमान येवल्याला मेहुण्याकडे गेल्याचं कळलं. मनमाडला गाडी बदलून मी तिथे पोचलो. मेहुणा नियाज मागावर पैठणी विणत होता आणि शेजारी रहेमान चाकावर रेशमाच्या कांड्या भरत होता. ते नवशिक्याचं काम. बोटांवरची शाई पार गेली होती.

त्यानं मला चटई दिली, पाणी दिलं. मी चूक कबूल केली आणि यादवराव परत घ्यायला तयार आहेत असं सांगितलं.

“तिथं आता वाल्मीक उभा राहतो. लेकुरवाळा हाय,” तो म्हणाला. “त्याला काढून मी जाऊ व्हय?” मग त्यानं विचारलं, “अकराव्या पानावरचा ‘क्ष’ झिजलेला होता, मास्तर. बदलला का त्यांनी?”

मला ते ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अहोजाहो केलं आणि अगदी मनापासून म्हणालो, “रहेमानभाई, तुमचं मराठी इतकं चांगलं असेल असं मला वाटलं नव्हतं.”

त्याचं चाक थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारावा तसं त्यानं विचारलं.

“का वाटलं नव्हतं, मास्तर?”

नियाजचा माग चालूच होता. त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला येत होतं. पण गाडीची वेळ झाली असं म्हणून मी उठलो.